चौथा घटक

अभ्यासक्रम कोण ठरवतो, या प्रश्नावर मराठीच्या प्राध्यापकांत सहसा दुमत नसते. अभ्यासक्रम 'वरून' येतो. विद्यापीठाचे अभ्यासमंडळ तो आखते, विद्यापरिषद त्यावर शिक्का उठवते आणि जूनच्या सुमारास एक परिपत्रक येऊन पडते. एखादे चांगले पुस्तक गेले म्हणून हळहळायचे, एखादे सुमार पुस्तक आले म्हणून चहाबरोबर चार शब्द बोलायचे आणि घंटा झाली की तासाला निघायचे, असा आमचाही अनेक वर्षांचा परिपाठ होता. आमचे महाविद्यालय स्वायत्त झाले आणि ही सोय संपली. आता अभ्यासमंडळ आमचे, मसुदा आमचा आणि त्यातल्या चुकाही आमच्याच. 'वर' म्हणून बोट दाखवावे तर ते आमच्याच कपाटातल्या फायलीकडे जाऊ लागले.

त्या फायलीतल्या एका प्रस्तावाची ही हकिकत आहे. तीत नाट्य फारसे नाही. तिसऱ्या वर्षासाठी एक ऐच्छिक अभ्यासपत्रिका तयार करायची होती. ती तयार केली, मंडळापुढे ठेवली आणि थोड्याफार फेरफारांसह ती मंजूर झाली. बैठकीच्या इतिवृत्तात या सगळ्याला दोन ओळी मिळाल्या आहेत. त्या दोन ओळींत जे आलेले नाही ते मात्र आम्हाला अजून सलते. वाचकांपैकी बरेचजण शिकवणारे किंवा शिकणारे आहेत, म्हणून ते येथे मांडावेसे वाटते.

'आम्ही' म्हणजे मराठी विभागातले तिघे. दोघे कायम सेवेतले, पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे असलेले. तिसरी सहकारी तिशीतली, तासिका तत्त्वावर काम करणारी. तिची नेमणूक एका शैक्षणिक वर्षापुरती असते आणि दर वर्षी तिला नव्याने मुलाखतीला बसावे लागते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये जाहीर झाले आणि त्यानुसार पदवीची नवी रचना महाराष्ट्रातल्या स्वायत्त महाविद्यालयांत 2023-24 पासून सुरू झाली. त्या रचनेतली पहिली तुकडी 2025 च्या जूनमध्ये तिसऱ्या वर्षाला येणार होती. म्हणून 2024 ची दिवाळी झाल्यावर आम्ही कामाला लागलो.

पत्रिका चार श्रेयांकांची होती. एका श्रेयांकाला पंधरा तास, म्हणजे एकूण 60 तास. रूढी अशी की चार श्रेयांकांचे चार घटक करायचे आणि प्रत्येकाला पंधरा-पंधरा तास वाटून द्यायचे. साहित्य शिकवणाऱ्याच्या मनात पुस्तके आधी येतात आणि तास मागून. प्रस्तावाच्या नमुन्यात मात्र तास आधीच छापलेले असतात आणि पुस्तकांसाठी कोरी जागा सोडलेली असते.

विषय सुचवला तो धाकट्या सहकारीने. 'स्त्रियांची आत्मकथने' असे शीर्षक आणि त्याखाली तीन पुस्तके तिने एका पाठकोऱ्या कागदावर लिहून आणली होती. रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (1910), लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग (1934) आणि बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (1986). या तिन्ही पुस्तकांवर पूर्वी बरेच लिहिले गेले आहे, नवीन काय, असे आम्ही दोघांनी विचारले. त्यावर ती म्हणाली, "या तिघीही कुठल्याच अभ्यासक्रमातून शिकलेल्या नाहीत. आपल्या मुलींना हे कळायला हवं."

तिचे म्हणणे खरे होते. 1873 मध्ये लग्न झाले तेव्हा रमाबाई अकरा वर्षांच्या होत्या. न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना घरातच शिकवायला घेतले आणि त्या शिक्षणापायी घरातल्या बायकांची बोलणी त्यांनी किती सोसली, हे त्यांच्याच पुस्तकात आहे. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला शाळा जवळजवळ आलीच नाही. वडिलांच्या अतिरेकी सोवळ्याने गांजलेल्या घरातून त्या आल्या आणि पुढे ज्या मराठीत त्यांनी तो सगळा काळ हसत हसत उभा केला, ती मराठी त्यांना कोणी धड्यांतून दिलेली नव्हती. बेबीताईंचे लग्न लहान वयात झाले. फलटणला किराणा दुकान चालवताना सामान बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद त्या वाचत, आणि आपले लेखन त्यांनी घरच्यांपासून वर्षानुवर्षे लपवून ठेवले होते. या तिघींना एका पत्रिकेत एकत्र आणायचे, तिला श्रेयांक द्यायचे, शंभर गुणांची परीक्षा लावायची, यातला विरोधाभास आम्हाला तेव्हाही दिसत होता. तरी विषय मनात भरला. आम्ही दोघांनी त्याला फक्त एक जोड दिली. आरंभी 'आत्मचरित्र : संकल्पना, स्वरूप आणि वाटचाल' असा पहिला घटक घातला. पाया पक्का हवा, असे आम्ही म्हणालो. या घटकाची टिपणे आमच्याकडे वीस वर्षांपासून तयार आहेत, हे म्हणालो नाही.

मग नमुना भरणे सुरू झाले. ज्यांनी अशी कामे केली आहेत त्यांना 'अध्ययन निष्पत्ती' हा शब्द नवा नाही. पत्रिका शिकून झाल्यावर विद्यार्थ्याला नेमके काय करता येईल, ते पाच-सहा वाक्यांत सांगायचे. त्या वाक्यांची क्रियापदे ठरलेली असतात. बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 मध्ये शैक्षणिक उद्दिष्टांची जी वर्गवारी मांडली आणि जिची सुधारित आवृत्ती 2001 मध्ये आली, तिच्या पायऱ्यांवरून ती घ्यायची असतात : आठवणे, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन, निर्मिती. आम्ही भाबडेपणाने पहिले वाक्य लिहिले, 'विद्यार्थ्यांना स्त्रीजीवनाची जाणीव होईल.' गुणवत्ता कक्षाकडून ते पेन्सिलीची खूण होऊन परत आले. जाणीव मोजता येत नाही. मग 'विद्यार्थी तीन कालखंडांतील स्त्रियांच्या अनुभवांची तुलना करतील' असे लिहिले. ते चालले. तुलना मोजता येते.

यावर आमच्या पिढीतले प्राध्यापक हमखास चिडतात. आम्हीही चिडलो. कविता वाचून मुलाच्या मनात काय होते ते तक्त्यात कसे बसवायचे, वगैरे वाक्ये आम्ही एकमेकांना ऐकवली आणि ती सगळी खरीच आहेत. पण पुढे काही दिवस तो नमुना टेबलावर पडून राहिला आणि त्यातला प्रश्न हळूहळू आम्हाला टोचू लागला. हा घटक विद्यार्थ्याने का शिकायचा? वीस वर्षांत हा प्रश्न आम्हाला कोणी विचारला नव्हता आणि आम्हीही तो स्वतःला विचारला नव्हता. अनेक पुस्तके आम्ही शिकवली ती नेमलेली होती म्हणून, आणि नेमलेली होती ती त्यांच्यावर टिपणे होती म्हणून. नमुन्याची भाषा रुक्ष आहे, तिचे क्रियापद परके वाटते, पण तिने विचारलेला प्रश्न खोटा नाही. एवढे कबूल करायला आम्हाला दोन आठवडे लागले.

दुसऱ्या घटकासमोर आम्ही नीट उत्तर लिहू शकलो, तिसऱ्यासमोरही. चौथ्या घटकाशी, म्हणजे 'जिणं आमुचं'पाशी, येऊन थांबलो.

हे पुस्तक ज्यांनी वाचले आहे त्यांना ठाऊक आहे की ते कोणालाच सोडत नाही. महारवाड्यातली उपासमार आणि गावाने लादलेली लाचारी त्यात आहे, तसाच वस्तीतल्या सासवांनी सुनांवर केलेला जुलूमही आहे. अंगात येणे, नवससायास, पोतराज, देवीला सोडलेले जीव यांविषयी लेखिका आपल्याच माणसांना खडसावते; आणि बाबासाहेबांच्या चळवळीने माणसे कशी उभी राहिली हे सांगून झाल्यावर, शिकून वर गेलेल्यांनी मागे वळून का पाहिले नाही, हेही विचारते. आमच्या मनात एक हिशेब सुरू झाला. गावातले कोणी म्हणेल, आमची बदनामी केली. वस्तीतले कोणी म्हणेल, आमच्या आयाबायांच्या दुःखाचा तमाशा मांडला. एखादा पालक एखादे पान झेरॉक्स काढून प्राचार्यांकडे नेईल. अलीकडच्या काळात अभ्यासक्रमातल्या पुस्तकांवरून कुठे कुठे वाद झाले ते आम्ही आठवून पाहिले. वर्ष नॅकच्या तयारीचे होते. अशा वर्षी कोणाला निवेदने नको असतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. या पुस्तकाला कोणीही हरकत घेतलेली नव्हती. प्राचार्यांनी नाही, संस्थेने नाही, कोणा संघटनेने नाही. प्रस्ताव अजून आमच्या दोघांच्या टेबलावरून हललाही नव्हता. तरी एका दुपारी आम्ही चौथ्या घटकावर काट मारली आणि त्या जागी 'आत्मपर लेखनकौशल्ये : रोजनिशी, मुलाखत, ब्लॉगलेखन' असे लिहिले. नव्या धोरणात कौशल्यांवर भर आहे, हे कारण तयारच होते. सोबतच्या टिपणीत मूळ घटक बदलण्याचे कारण द्यावे लागते. तेथे आम्ही लिहिले, 'सदर ग्रंथाची भाषा बोलीप्रधान असल्याने विद्यार्थ्यांना आकलनास कठीण.'

धाकट्या सहकारीला आम्ही ते दाखवले. तिने कागद वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाली, "चालेल, सर." तिला आणखी काय म्हणता येणार होते? जूनमध्ये तिची मुलाखत होती आणि तिच्या मुलाखतीच्या समितीवर विभागप्रमुख म्हणून आमच्यापैकीच एकजण बसणार होता.

अभ्यासमंडळाची बैठक 2025 च्या फेब्रुवारीत झाली. स्वायत्त महाविद्यालयाच्या मंडळावर विभागातल्या शिक्षकांखेरीज बाहेरचे दोन विषयतज्ज्ञ, कुलगुरूंनी नेमलेला एक तज्ज्ञ, उद्योगक्षेत्राचा एक प्रतिनिधी आणि पदव्युत्तर पदवी घेतलेला एक माजी विद्यार्थी असावा लागतो. मराठीला उद्योगक्षेत्र कोणते, हा प्रश्न दर वेळी निघतो. आम्ही गावातल्या एका छापखान्याच्या मालकांना बोलावतो. माजी विद्यार्थी म्हणून जी आली होती ती आमच्याकडेच एम.ए. होऊन आता जवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. आमची तिसरी सहकारी मंडळावर नव्हती. ती त्या वेळी शेजारच्या वर्गात पहिल्या वर्षाचा तास घेत होती. भिंतीपलीकडून तिचा आवाज अधूनमधून ऐकू येत होता.

बैठकांत जे होते ते झाले. आधीच्या बैठकीच्या इतिवृत्तास मान्यता मिळाली. एका तज्ज्ञांनी संदर्भग्रंथांच्या यादीतले शुद्धलेखन सुधारले. दुसऱ्यांनी पहिल्या घटकाचे कौतुक केले. पाया पक्का आहे, म्हणाले. छापखान्याच्या मालकांनी चौथा घटक लक्षपूर्वक वाचला आणि ब्लॉग शिकवणार कोण, एवढेच विचारले. आम्ही हसून वेळ मारून नेली. मग आमची विद्यार्थिनी म्हणाली, "सर, एक विचारू? तीन पुस्तकं म्हणाला होतात तुम्ही. बेबीताईंचं पुस्तक नाही यात."

आम्ही टिपणीतले कारण वाचून दाखवले.

ती क्षणभर थांबली. मग तिने अगदी साध्या आवाजात विचारले, "कोणत्या विद्यार्थ्यांना कठीण, सर?"

या प्रश्नाला उत्तर नव्हते. आमच्या वर्गातली बहुतेक मुले आसपासच्या खेड्यांतून येष्टीने येतात. 1910 सालचे पुण्याच्या घरातले सभ्य मराठी त्यांना समजावून द्यावे लागते. 'जिणं आमुचं'ची बोली त्यांतल्या कितीतरी जणांच्या घरात अजून बोलली जाते. ती बोली कठीण होती ती आम्हाला. आणि खरे पाहता तीही बोलीमुळे कठीण नव्हती. ती विद्यार्थिनी पुढे म्हणाली की तिच्या वेळी याच पुस्तकातला एक वेचा आम्ही शिकवला होता. वर्ग संपल्यावर तिने ग्रंथालयातून पूर्ण पुस्तक नेले आणि दोन दिवस परत केले नाही. तिने आरोप केला नाही. ती केवळ आठवण सांगत होती. आम्हाला मात्र आमची ती टिपणी एखाद्या खोट्या दाखल्यासारखी वाटू लागली.

कुलगुरूंनी नेमलेले तज्ज्ञ अनुभवी होते. त्यांनी विषय न वाढवता विचारले, "घ्यायचं असेल तर घ्या. पण तास साठच आहेत. काढणार काय?"

साहित्याच्या अभ्यासक्रमाचे मर्म या एका प्रश्नात आहे. कोणते पुस्तक चांगले, यावर वाद घालायला आयुष्य पुरणार नाही. पण पुस्तक आत यायचे तर त्याच्यासाठी जागेवरून उठणार कोण, हे पंधरा मिनिटांत ठरवावे लागते. लेखनकौशल्यांचा घटक काढावा तर नव्या रचनेत कौशल्याला स्थान हवे. लक्ष्मीबाईंना काढणे शक्य नव्हते. रमाबाईंना काढून संदर्भयादीत पाठवावे, असा एक विचार आला. आणि संदर्भयादी म्हणजे पुस्तकांचे सन्मानपूर्वक निवृत्त होण्याचे ठिकाण, हे आम्हाला अनुभवाने ठाऊक होते. उरला होता आमचा पहिला घटक. संकल्पना, स्वरूप आणि वाटचाल. वीस वर्षांची टिपणे.

तेव्हा आमच्यापैकी एकाच्या लक्षात एक गोष्ट आली, जी खरे तर पहिल्याच दिवशी लक्षात यायला हवी होती. आमच्या पहिल्या घटकाचे पहिले वाक्य असे आहे की आत्मचरित्र ही 'मी'ची कथा असते. व्यक्तीला स्वतःच्या वेगळेपणाची जाण आल्याखेरीज हा वाङ्मयप्रकार जन्माला येत नाही. हे आम्ही दर वर्षी फळ्यावर लिहीत आलो. आता समोरच्या कागदावर दोन शीर्षके होती : 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' आणि 'जिणं आमुचं'. दोन्हींत 'मी' नाही. रमाबाईंच्या 'आमच्या'मध्ये त्या आणि न्यायमूर्ती आहेत. पतीच्या चरित्राच्या आडोशाने त्या स्वतःचे चरित्र सांगतात आणि तो आडोसा हळूहळू कसा बाजूला होतो, ते पाहण्यासारखे आहे. बेबीताईंच्या 'आमुचं'मध्ये अख्खी वस्ती आहे. तीत त्या स्वतः कोठे आहेत ते शोधावे लागते. एकाच सर्वनामाचे हे दोन अर्थ, आणि त्यांच्यामधले 76 वर्षांचे अंतर. जी व्याख्या आम्ही पाया म्हणून पुढे केली होती ती या दोन पुस्तकांच्या नुसत्या नावांपुढेही टिकत नव्हती. विद्यार्थ्यांना आधी व्याख्या सांगितली असती, तर त्यांनी पुस्तकांत तेवढेच पाहिले असते जेवढे व्याख्येत बसते.

पहिला घटक आम्ही काढला. सिद्धान्ताचा सगळाच भाग सोडला असे नाही. तीन पुस्तके वाचून झाल्यावर आत्मकथन म्हणजे काय ते वर्गातच ठरवावे, अशी तजवीज केली. आता पहिल्या तीन घटकांत तीन पुस्तके आहेत, कालक्रमाने. लेखनकौशल्ये चौथ्या घटकात राहिली, पण त्यांतला ब्लॉग गेला. त्याऐवजी विद्यार्थ्याने घरातल्या किंवा शेजारपाजारच्या एका वडीलधाऱ्या स्त्रीची एक आठवण तिच्याच बोलीत, तिला वाचून दाखवून, लिहून आणायची. ही सूचना छापखान्याच्या मालकांची. ते म्हणाले, "लिहून आणलेलं वाचून दाखवावं लागलं की माणूस खोटं लिहीत नाही."

काढलेल्या घटकाचे दुःख झाले नाही असे म्हणणे खोटे होईल. टिपणांची ती जाड वही आता कपाटात आहे. पण ती काढताना जेवढा विचार करावा लागला, तेवढा 'जिणं आमुचं'वर काट मारताना केला नव्हता, हे आठवले की मान खाली जाते.

बैठकीहून परतल्यावर आम्ही 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' पुन्हा काढून वाचले. मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये स्थापन झाले. 1860 च्या दशकात मराठीसारख्या देशी भाषा वरच्या परीक्षांतून बाहेर गेल्या आणि त्यांची जागा संस्कृतसारख्या अभिजात भाषांनी घेतली. त्या परत याव्यात म्हणून रानड्यांनी पुढे दीर्घकाळ खटपट केली. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात देशी भाषांना पुन्हा स्थान मिळाले त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. 1898 मध्ये त्यांनी मराठी वाङ्मयाच्या वाढीचा आढावा घेणारा निबंध इंग्रजीत लिहिला तो याच चिंतेतून, असे म्हणता येईल. म्हणजे आज आम्ही ज्या खुर्चीवर बसून मराठीची पत्रिका मंजूर करून घेतो, ती खुर्ची मिळवण्यासाठी झालेल्या वादात ते पुढे होते. आणि त्याच माणसाने घरी, कोणाचीही मंजुरी न घेता, एका मुलीला शिकवायला घेतले होते. बाहेर अभ्यासक्रमासाठी भांडायचे आणि घरात अभ्यासक्रमाविना शिकवायचे, या दोन गोष्टींत त्यांना विसंगती वाटली नसावी. आम्हालाही आता ती पूर्वीइतकी वाटत नाही. मंजुरीमुळे शिक्षण घडत नाही. पण पुस्तकाला तासांच्या वेळापत्रकात जागा मिळते, ग्रंथालय त्याच्या प्रती मागवते आणि जी मुलगी एरवी त्याच्यापर्यंत पोहोचली नसती तिच्या हातात ते पडते. आम्ही काट मारली होती ती या शक्यतेवर.

प्रस्ताव पुढे विद्यापरिषदेत गेला आणि तेथे त्यावर चर्चाही झाली नाही. बारा विषयांच्या पत्रिका एका ठरावात मंजूर झाल्या. जूनमध्ये पत्रिका सुरू झाली. ज्या हरकती आम्ही मनात मोजून ठेवल्या होत्या त्यांतली एकही आली नाही. उद्या येणार नाही अशी ग्वाही कोणी देऊ शकत नाही, आणि आली तर काय करायचे हेही आमचे ठरलेले आहे असे नाही. मात्र आता हरकत आली तर ती दुसऱ्या कोणाची असेल. तिला नाव असेल, तारीख असेल, उत्तर देता येईल. आपणच आपल्याकडे नोंदवलेल्या हरकतीला उत्तर देता येत नाही, कारण ती घेणारा समोर येत नाही.

वर्षाअखेरीला मुलांच्या लेखनाच्या वह्या आल्या. सगळ्याच चांगल्या नव्हत्या. काहींनी आजीच्या तोंडी वर्तमानपत्राची भाषा घातली होती. पण पाच-सहा वह्यांत एक गोष्ट सारखी दिसली. आज्या आणि मावश्या 'मी' म्हणतच नव्हत्या. दुष्काळातल्या रोजगार हमीच्या कामाची आठवण असो की नदीवरच्या धुण्याची, वाक्य सुरू व्हायचे 'आम्ही'ने. 'आम्ही बाया', 'आम्ही सुना', 'आम्ही वरच्या आळीतल्या'. एका मुलीने वहीच्या समासात पेन्सिलीने लिहिले होते, 'आजीला तू एकटी कधी होतीस असं विचारलं तर ती हसली.' आमच्या वीस वर्षांच्या टिपणांत या हसण्याला जागा नव्हती.

हे सगळे लिहिताना आम्हीही पहिल्यापासून 'आम्ही' म्हणत आलो आहोत. त्याचा हिशेब देऊन थांबतो. विषय सुचवला 'आम्ही' नव्हे, तिने. पुस्तके निवडली तिने. काट मारली आम्ही दोघांनी. तेव्हा ती 'आम्ही'त नव्हती, पण 'चालेल' म्हणायला लावून आम्ही तिला आत ओढले. मंजूर प्रस्तावाच्या पहिल्या पानावर 'प्रस्तावक' या शब्दासमोर दोन नावे आहेत आणि ती आमची आहेत, कारण त्या रकान्यात कायम शिक्षकांचीच नावे लिहायची प्रथा आहे. प्रथा कोणी पाडली, असे आम्ही कार्यालयात विचारले. नियम तसा काही नाही, असे सांगण्यात आले. म्हणजे तीही काट कोणीतरी आधीच मारून ठेवलेली होती.

पुढच्या दुरुस्तीच्या वेळी तिसरे नाव घालायचे, असे पत्र आम्ही दिले आहे. पहिले वर्ष ती पत्रिका तिनेच शिकवली. हे लिहीत असताना तिच्या यंदाच्या नेमणुकीचे पत्र अजून आलेले नाही. 'जिणं आमुचं'च्या आठ प्रती ग्रंथालयात आल्या आहेत आणि त्यांतल्या सात बाहेर आहेत.